डोणगावचा शहामुर्ग

मेहकरला डोणगावच्या एसटीत बसलो तेव्हा माझं वय मी विसरलो होतो. तीस वर्षं याच मेहकरच्या शाळेत शास्त्र शिकवलं, शहामृगावर प्रश्न काढले, पण तो पक्षी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. माझ्या जुन्या विद्यार्थ्याने, सलीमने, वावरात (शेतात) एक आणलाय हे कळल्यावर निवृत्तीनंतरच्या पुण्यातल्या घरात माझा पाय ठरेना.

डोणगावला उतरून वावराशी पोहोचलो. फाटकावर पाटी होती : ‘शहामुर्ग पाहा’. माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. पाटीखाली रंगाचा डबा आणि ब्रश तयार ठेवलेला.

“तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो, सर,” सलीम म्हणाला. “तुम्ही सांगा, तसं लिहितो. सातवीत तुम्हीच कापलं होतं न.”

आठवलं. “मुर्ग नव्हे, मृग. आपण कोंबडी शिकतोय का?” असं म्हणून मी लाल काट मारली होती.

“आधी पक्षी दाखव,” मी म्हणालो.

जाळीपलीकडे काळाभोर नर उभा होता. माझ्याहून चांगला दीड हात उंच! पायाची बोटं मी दोनदा मोजली. दोनच. वाळूत डोकं खुपसतो ही थाप. जमिनीतल्या खळग्यातली अंडी तो चोचीने फिरवतो, एवढंच. हे सलीमला आनंदाने सांगत होतो, तोच पठ्ठ्याने मान काढून माझ्या सदऱ्याचं बटण गिळलं. दाणे दळायला तो खडे गिळतो, हे मीच वर्गात शिकवायचो.

घरी सलीमच्या अम्मीने गरम भाकरी आणि ठेचा वाढला. पाटीचा विषय निघाला तेव्हा त्या हसल्या.

“मास्तर, फारसीत मुर्ग म्हंजे पाखरू. शहामुर्ग म्हंजे पाखरांचा राजा. हरणाचं काय काम तिथं?”

तीस वर्षांत त्या पक्ष्यात हरीण कुठून आलं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

“सलीम, चूक माझी होती.”

“तवा सारा वर्ग हसला होता, सर.”

“हो. मीच हसवला होता.” मला फार वाईट वाटलं.

निघताना त्याने रंगाचा डबा उचलून घरात नेऊन ठेवला आणि मला एसटीपर्यंत सोडायला आला.

पुण्याला परतल्यावर हे लिहायला बसलो. मथळ्यात हाताने सवयीने ‘शहामृग’ लिहिलं. मग मी लाल पेन शोधलं आणि त्यावर काट मारली.