बाकी एक

उंबऱ्यापाशी मी पाटी ठेवली आणि मागं सरले. मास्तरांनी तांब्यातलं पाणी तिच्यावर शिंपडलं. महारवाड्यातल्या पोरीची पाटी पाण्याशिवाय हातात घ्यायची नाही, हा त्यांचा नेम. लिहिलेलं उत्तर ओघळून गेलं.

"कोरी पाटी दाखवतीस व्हय गं?" मास्तर म्हणाले. वर्ग खदखदून हसला.

हे रोजचंच. पण मला संशय होता. कडेला चार थेंब टाकले तरी विटाळ गेला असता. पाणी नेमकं उत्तरावरच का पडायचं?

लढाईचा काळ. आमचं गाव कराडजवळ, बाप पलटणीत. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मला एक युक्ती शिकवली. संख्या कितीही मोठी असू दे, उजवीकडून एकाआड एक आकडे मिळवायचे, मधले राहिलेले वेगळे मिळवायचे. दोन्हींत फरक शून्य, अकरा किंवा अकराच्या पटीत आला, तर अकरानं पूर्ण भाग जातो. मी बापावरही विश्वास ठेवला नाही. आठ दिवस भागाकार करकरून पडताळलं. बाप खरा निघाला.

पुढं सातवीच्या फायनल परीक्षेला नावं पाठवायची वेळ आली. आमच्या वर्गातून एकच जाणार होतं. मला जायचंच होतं. मास्तरांनी पुस्तकात बघून फळ्यावर लिहिलं: ५२,३८,४१,९६८. अकरानं पूर्ण भाग जातो का? बरोबर सांगेल त्याचं नाव.

"जातोय, मास्तर," पाटलाचा पोरगा म्हणाला.

"शाब्बास!"

मी दारातूनच आकडे मिळवले. एकोणतीस. सतरा. फरक बारा.

"न्हाई जात, मास्तर. एक उरतोय."

"कुणाचं ऐकून बोलतीस?"

"कुणाचं न्हाई. मी केलंय."

"ठेव पाटी खाली." त्यांनी तांब्या उचलला.

नाही ठेवली. उंबरा ओलांडून आत गेले, खडू घेतला, फळ्यावर भागाकार मांडला. बाकी एक.

मास्तरांनी पुस्तक पुन्हा बघितलं. त्यात शेवटी सात होता, उतरवताना त्यांनी आठ केला होता. चूक त्यांची. त्यांनी अख्खा तांब्या फळ्यावर ओतला, फडक्यानं पुसलं आणि संख्या पुन्हा लिहिली. शेवटी सात.

"जातोय की! हो भाईर."

"आता जातोय," मी म्हणाले. "मगाशी जात नव्हता."

छडी बसली. नाव पाटलाच्या पोराचं गेलं.

घरी येईपर्यंत रडले. मग डोकं चालायला लागलं. संख्येला माझा विटाळ झाला नव्हता. पाटलाच्या पोराच्या हातून जी बाकी, तीच माझ्या हातून. म्हणून तर मास्तरांना संख्याच बदलावी लागली.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या शाळेतून परीक्षा दिली. मास्तरीण झाले. आता कुणी मला माझी पायरी सांगायला आला, पोथीत असंच लिहिलंय म्हणाला, तर मी वाद घालत नाही. खडू पुढं करते. मांड म्हणते. माझ्यासमोर मांड.