वाकडा ठोका

माझी ताई इस्त्रीवाली. जन्मभर लाँड्रीच्या टेबलामागे उभी राहून तिनं परक्यांच्या शर्टांच्या कॉलरी सरळ केल्या आणि स्वतःचा उजवा गुडघा कामातून घालवला. जरा बस म्हटलं, तर "बसून कधी इस्त्री होते का गं?" म्हणून मलाच वेड्यात काढायची.

भावोजी घड्याळं दुरुस्त करायचे. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ जरा तिरकं टांगलं तर त्याचा ठोका लंगडा पडतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ताईची चालही तशीच झाली होती, एक पाऊल टाकलेलं, दुसरं ओढलेलं. "आलं बघा आमचं तिरकं घड्याळ," ते म्हणायचे.

"मग करा की सरळ. एवढे कारागीर ना तुम्ही!" ताई लटक्या रागानं म्हणायची.

पुढं भावोजींची नजर गेली आणि मागोमाग आठवणही. माणसांचे आवाज त्यांना सगळे सारखेच वाटू लागले. ठोका मात्र कळायचा. फरशीवर ती ओढती चाल ऐकली की चेहरा फुलायचा. जेवायचे तेही तिच्याच हातून. मी घास पुढं केला की तोंडाला कुलूप.

पण त्यांना आधार देऊन खाली अंगणातल्या बाकापर्यंत न्यायचं ताईला जमेना. तिला स्वतःलाच उभं राहणं जिवावर यायचं. शेवटी तिनं गुडघा बदलून घ्यायचं ठरवलं. "ह्यांना उन्हात बसवायचंय," एवढंच म्हणाली.

ऑपरेशननंतर ओठ आवळून तिनं सगळे व्यायाम केले. व्यायाम करून घेणारी मुलगी सारखी बजावायची, "मावशी, आधी टाच टेका. पाय ओढायचा नाही हं." वॉकर सुटला, मग काठी सुटली; तोवर ती माझ्या घरी राहिली आणि भावोजींना मी जाऊन कशीबशी पेज तेवढी पाजायची. पाय सरळ पडू लागला तेव्हा मला रडूच आलं.

घरी परतली त्याच दुपारी ताई हौसेनं ताट घेऊन भावोजींच्या खोलीत गेली. त्यांनी मान वळवली. "कोण बाई तुम्ही? आमच्या हिला बोलवा."

"अहो, मीच आहे."

"छे. ती अशी चालत नाही."

ताईनं हात धरला, तर त्यांनी तो झिडकारला. ताट तसंच परत आलं. रात्रीही तेच. दाराकडे कान लावून ते बायकोची वाट बघत होते आणि बायको समोर उभी होती. इतकी हताश झालेली ताई मी कधी पाहिली नव्हती.

सकाळी ती खोलीबाहेर जाऊन थांबली. मग उजवा पाय ओढत आत आली.

"आलीस? किती वेळ लावलास गं!" भावोजी म्हणाले आणि त्यांनी आ केला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, यासाठी हाड कापून घेतलंस? नव्या गुडघ्याचीही वाट लावशील!"

"हळू बोल," ताई म्हणाली. "जेवतायत ते."

त्यानंतर ती रस्त्यावर सरळ चालायची आणि घराच्या दारात आली की लंगडायची. भावोजींना धरून उन्हात नेलं, तेही लंगडतच. ते तिच्या खांद्यावर हात ठेवून ठोका ऐकत चालायचे. माझी बडबड मी बंद केली.

थंडी संपता संपता भावोजी गेले.

परवा तपासणीला मी ताईबरोबर होते. डॉक्टरांनी तिला चालून दाखवायला लावलं आणि ते खूश झाले. "वा! पाय अजिबात ओढत नाही तुम्ही."

ताई खुर्चीत बसली, पातळ नीट केलं. "आता कुणासाठी ओढू?" ती म्हणाली.