दुसऱ्याला न लागणारा आजार

भाच्याचा फोन आला तेव्हा मी संगमनेरच्या घरी मेथी निवडत होते. "मामी, आई गेली," एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणाले आणि उरलेली जुडी निवडून संपवली... रडू त्या दिवशी आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

द्रौपदाक्का माझ्या नणंदबाई. अकोले तालुक्यातल्या डोंगरगावात, भातशेतीत त्यांचं आयुष्य गेलं. संधिवातानं बोटं वाकडी झाली, स्टेरॉईडच्या गोळ्या कायमच्या मागे लागल्या. गोळी घेऊन त्या पुन्हा चिखलात उतरायच्या. गेल्या हिवाळ्यात खोकल्यानं धरलं, ताप येऊ लागला. छातीच्या एक्स-रेत डाग दिसला. थुंकीत टीबीचा जंतू सापडला नाही, तरी औषध टीबीचंच सुरू झालं. घरात नुकतीच नात जन्मली होती. कुणी काही सांगायच्या आधीच आक्कांनी आपलं ताट-तांब्या मागच्या खोलीत नेलं. बाळ रडलं की दाराशी येऊन उभ्या राहायच्या, तोंडाला पदर लावून.

"आक्का, लांबून तरी बघा की."

"नको वैनी. माजा श्वास लागंल तिला."

गुण येईना, तेव्हा भाच्यानं त्यांना नाशिकला नेलं. मीही गेले. तिथं नळी घालून फुप्फुसातला नमुना घेतला. डॉक्टर म्हणाले, "हा टीबी नाही. नोकार्डिया नावाचा मातीतला जंतू आहे. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. पण यांचं वय, त्यात या गोळ्या... अंगात प्रतिकारशक्तीच उरलेली नाही." भाचा औषधांचं विचारू लागला. आक्कांनी त्याला थांबवलं.

"दुसऱ्याला लागतो का ह्यो?"

"नाही, आजी."

"मंग नातीला घिऊ का मी?"

"घ्या की."

 घरी येऊन आक्कांनी हातपाय धुतले, लुगडं बदललं, ओसरीवरच्या खाटेवर मांडी घालून बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "दे." बोटांत बाळ धरवेना, म्हणून मनगटांवर तोलून घेतलं. नवं औषध लागू पडतंय असं वाटत होतं, खोकलाही उतरला होता. मग भाताच्या लावणीच्या दिवसांत एका सकाळी त्यांना शब्द सापडेनात. जंतू मेंदूपर्यंत पोचला होता.

परवा जाऊन आले. ओसरीवरची त्यांची खाट अजून कुणी काढलेली नाही, तिच्यावर कुणी बसतही नाही. नात आता रांगते. रांगत जाऊन खाटेचा पाय धरून उभी राहते, एक हात वर करते आणि तशीच थांबते... सून तिला उचलून आत आणते. ती पुन्हा जाते.