बुधवारचा उपवास

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आज मात्र सांगणार आहे, आणि मध्ये थांबणार नाही — थांबले की मी गोष्टीला वळण देते, माझी सवय मला माहीत आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी महाडला कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. समता सप्ताहाची विद्यार्थी प्रमुख मीच. दुसऱ्या कुणाला होऊ दिलं असतं का मी? घोषणा माझ्या, फळ्यावरचं अक्षर माझं. चवदार तळ्यापासून फेरी निघाली, तिच्यातही सगळ्यांत पुढे मीच. आणि शेवटच्या दिवशी सहभोजन — ही कल्पनाही माझीच. प्रत्येकानं घरून डबा आणायचा, सगळं एका टेबलावर मांडायचं, पालकांनाही बोलवायचं. सरांनी तोंडभरून कौतुक केलं.

संगीता माझी वर्गमैत्रीण. पोलादपूरच्या पुढच्या एका बौद्धवाडीतून एसटीनं यायची. तीन वर्षं एका बाकावर बसलो, एकमेकींच्या वह्या उतरवल्या. जीव होता माझा तिच्यावर. हे खोटं नाही — म्हणून तर पुढचं सांगायला जड जातंय. तुझ्या आईला आणच, असा हट्टही मीच धरला होता.

काकू आल्या. कामाचा खाडा करून आल्या. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून केलेलं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या. टेबलाकडे गेल्याच नाहीत, आधी मला शोधत आल्या. ताट पुढे केलं.

"जेव गो बाय. तुज्यासाठीच केलंय."

घरून मला कुणी काही बजावलं नव्हतं, तेही सांगून ठेवते. भूकही लागली होती. पण हात — हात पुढे झालाच नाही. काय झालं होतं त्या हाताला? तोंड मात्र लगेच चाललं.

"काकू, आज माझा उपवास आहे."

बुधवारचा कसला उपवास? बुधवारी तर आमच्याकडे घरोघर मासळी शिजते. आणि संगीता शेजारीच उभी होती. तासाभरापूर्वी कँटीनमध्ये तिनं नि मी एकेक वडापाव खाल्ला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार ही. बोलली — पण आईशी.

"हो आई, बुधवार असतो तिचा."

आईला लागू नये म्हणून खोटं बोलली ती. माझं खोटं तिनं आपल्या तोंडानं पुरं केलं. आणि मी? पाऊण तासानं माईक हातात घेऊन मीच आभार मानले. आज आपण सारे एका पंगतीला जेवलो, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. काकूंनीही वाजवल्या.

एवढ्यावर मिटलं असतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते, इतकी निगरगट्ट होते. पण पुढच्या बुधवारी संगीतानं पिशवीतून केळ्यांची फणी काढली. त्यांच्या परसातली. आईनं पाठवलीत, म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला.

"सालीतली हायत, तिला चालतील."

उपवासाला चालतील, असं काकू म्हणाल्या नव्हत्या. साल असली की आतल्याला आपला हात लागत नाही, म्हणून चालतील. म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. टाळ्या वाजवत होत्या तेव्हाही ठाऊक होतं.

निदान तेव्हा तरी बोलायचं की नाही मी? संगीताला म्हणायचं, उद्या भाकरी आण गं, मला खायचीय. एवढंसं तर वाक्य.

तेही मी म्हटलं नाही. केळं सोललं आणि तिच्यासमोर खाल्लं. त्या बुधवारी, आणि परीक्षा होईपर्यंतच्या प्रत्येक बुधवारी.