बारा चुलींचा नकाशा

लुबोसाहेब गेल्याचं पत्र मला त्यांच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांनी मिळालं. त्यातले तीन आठवडे ते आमच्याच पोस्टात पडून होतं, कारण पत्त्यावर माझं नाव, गाव आणि ‘बुलढाणा, इंडिया’ एवढंच होतं आणि गावात माझ्या नावाचे चौघे आहेत. पत्र त्यांच्या पत्नीचं. झाग्रेबच्या विद्यापीठात त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरणार आहे, तिथे लावायला आमच्या गावच्या दवाखान्याचा फोटो हवा, म्हणून लिहिलेलं. ‘आपण बांधलेल्यातलं सगळ्यात चांगलं काम हिंदुस्थानातल्या एका खेड्यात आहे आणि तिथे बारा चुली आहेत, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. त्या चुलींचा फोटो नक्की पाठवा.’ मी ते वाचलं आणि आधी दुःख झालं नाही, राग आला. स्वतःचाच. कारण आमच्या दवाखान्यात एकही चूल नाही.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. मी बांधकाम खात्यात नवाच ओव्हरसिअर होतो. कुठल्याशा सरकारी करारातून हा उंच, टक्कल पडत चाललेला आर्किटेक्ट आमच्या दवाखान्याचा नकाशा काढायला आला. कागदावर युगोस्लाव्हियाचा, पण विचारलं की क्रोएशियाचा म्हणून सांगायचा. त्याआधी आफ्रिकेत काम करून आलेला. असा माणूस आपल्याकडे आला म्हणून दवाखाना कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब खूश होते. जागा त्यांनीच दिलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी साहेबांना सांगून टाकलं की दर्शनी बाजूला काच पाहिजे, भरपूर काच.

साहेबांनी काच ऐकून घेतली आणि तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन बसले. इमारत बघायला नाही, माणसं बघायला. तीन दिवस आवारातल्या निंबाखाली एका मोडक्या बाजेवर. दुभाषा म्हणून मी सोबत, आणि मला अगदी लाज वाटत होती. कारण तिथे बघण्यासारखं काय, तर पेशंटांचे नातेवाईक. एक माणूस आत खाटेवर, त्याच्यामागे पाच जण बाहेर, तीन दगडांवर तवा. सुलतानपूरकडची एक बाई होती, तिचा मुलगा आत टायफॉइडने पडला होता. साहेबांनी माझ्याकरवी तिला विचारलं, दवाखाना जेवण देत नाही का? ती म्हणाली, “देलं तरी तो खात नाही ना बापा. माह्या हातचं असलं तरच घास घेते.” मग तिने साहेबांना भाकर दिली, वर ठेचा. त्यांनी तो पूर्ण खाल्ला. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ते वहीत धूर कुठे जातो ते काढत होते.

पुढच्या आठवड्यात नकाशा तयार झाला. वॉर्डाच्या मागे एक लांब पडवी, तिच्यात ओळीने बारा ओटे, ओट्यांवर चुली. पश्चिमेला भिंत, म्हणजे वारं अडेल, आणि वर झरोके, म्हणजे धूर निघेल. आईला चुलीपाशी बसल्या जागेवरून वॉर्डाची खिडकी दिसली पाहिजे, यासाठी त्यांनी ती पडवी चार वेळा सरकवली. मी आजवर शेकडो नकाशे पाहिले असतील, पण इतकं माणसांचं ऐकून काढलेला दुसरा पाहिला नाही. बापूसाहेबांनी मात्र तो उलटसुलट करून पाहिला आणि साहेब बाहेर गेल्यावर मला म्हणाले, “परदेशातून माणूस आणला तो काय चुली मांडाले? चुली तं आमची म्हतारीबी मांडते.” सगळे हसले. मीही हसलो...

साहेबांनी त्या चुलींपायी फार भांडण केलं. शेवटी सही मिळवली, आणि इराकच्या कामासाठी निघून गेले. बांधकाम सहा महिन्यांनी सुरू झालं. उद्घाटनाला मंत्री येणार, त्यांच्यासमोर चुली कशा दाखवायच्या, असा प्रश्न निघाला. मोठ्या इंजिनिअरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लाल पेन्सिल घेतली, पडवीवर तिरकी रेघ मारली आणि ‘रद्द’ लिहिलं. मला कोणी दमदाटी केली नव्हती. मलाच वाटलं होतं की हे बरं दिसणार नाही. पडवीच्या जागी कारंजं झालं. त्यात कधी पाणी आलं नाही.

साहेब पुढे मोठे झाले. बगदाद, लिबिया, पुन्हा आफ्रिका. वसतिगृहं, बाजार, एक मोठं विद्यापीठ. मासिकातली कात्रणं पाकिटात घालून पाठवायचे. पत्राच्या शेवटी ठरलेला प्रश्न, धूर नीट जातो का? मी कापसाचं लिहायचो, मुलगी झाल्याचं लिहिलं, प्रश्न तेवढा टाळायचो. एका वर्षी त्यांनी दोनदा विचारलं, तेव्हा लिहून टाकलं, ‘धूर नीट जातो.’ तीन शब्दांचं खोटं. त्यावर हा माणूस दहा वर्षं पोरांना शिकवत राहिला! खरं लिहिलं असतं तर ते चिडले असते, कदाचित बापूसाहेबांना तार ठोकली असती, कदाचित चुली झाल्याही असत्या. आता काय...

गेल्या सोमवारी मेहकरहून फोटोग्राफर आणला. कारंज्याचा फोटो काढू का म्हणून त्याने विचारलं. मी त्याला व्हरांड्यात नेलं. तिथली भिंत छतापर्यंत काळी झाली आहे. कारंजं झालं म्हणून आमच्या लोकांनी स्वयंपाक थांबवला नाही, तीन दगड आणून फरशीवरच मांडले. डॉक्टर ओरडतात, बाया दगड उचलतात, डॉक्टर गेले की पुन्हा मांडतात. एक बाई वाऱ्याकडे पाठ करून, पदर आडवा धरून फुंकत होती. फोटो काऊन काढता, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, ज्यांनी या दवाखान्याचा नकाशा काढला त्यांच्या घरी पाठवायचा आहे.

तिने तव्यावरची भाकर उलटली.

“मंग त्याहिले लिहा,” ती म्हणाली, “इथं लई वारं लागते. चूल पेटत नाही. बांधतानी कोनाले इचारलं नाही का म्हना.”

विचारलं होतं बाई, तीन दिवस बसून विचारलं होतं... हे मनातच म्हणत मी घरी आलो. साहेबांच्या पत्नीला पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्या ओळीत ती लाल रेघ माझी होती, एवढं लिहिलं.