जावेचा समुद्र, माझ्या विहिरी

माझी धाकटी जाऊ पंचेचाळिशीत समुद्रावर जायला लागली, तेव्हा मला वाटलं, गुडघे दुखले की येईल गुमान घरी. गुडघे काही दुखले नाहीत.

चिंचणीत आमची वाडी समुद्राच्या अगदी जवळ आहे, तरी आम्ही समुद्राची माणसं नव्हे. समुद्र कोळ्यांचा. आमची मिरची, मोगरा आणि नारळ. आम्ही दोघी इथे सुना म्हणून आलो त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण वाळूवर जायचो ते पाहुण्यांना फिरवायला. मग एक दिवस दारावर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, विकायला आलेल्या कोळणीला जावेने विचारलं, "या जित्या असताना कशा ऱ्हातात गो?" कोळीण म्हणाली, "ये बघायला." आणि ही खरंच गेली.

परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या.

"काय गो, काय हरवलं तुजं तिकडं?"

"हरवलं नाय. बघायला गेलते."

"काय बघायला?"

"काय हाय ते."

सासूबाई हसल्या. मी हसले नाही. मनात आलं, ही कोण लागून गेली, काय हाय ते बघणारी?

तिने घरातलं काम टाकलं असतं तर माझं सोपं झालं असतं. चार शब्द बोलायचा हक्क मिळाला असता. मी वाटच बघत होते. पण ती आपल्या वाटणीचं सगळं आवरून जायची, पूर्वीपेक्षा लवकर आवरायची. वर रात्री जेवताना गोष्टी सांगायची. रिकाम्या शंखात राहणारा खेकडा असतो म्हणे. अंगाने वाढला की मोठा शंख शोधतो आणि त्याने सोडलेल्या शंखात दुसरा बारका खेकडा शिरतो. माझा नवरा घास हातात धरून म्हणाला, "मग?"

मला या माणसाने कित्येक वर्षांत "मग?" म्हणून विचारलेलं नाही. मिरची किती निघाली विचारतो, बोईसरला टेम्पो गेला का विचारतो. "मग?" नाही.

एकदा जाऊ मला म्हणाली, "चला ताई तुमी पण." गेले. रिकाम्या हाताने कशाला जायचं म्हणून टोपली घेतली. ओहोटी होती. ती एका खडकाजवळ उकिडवी बसली ती बसलीच. मी तेवढ्या वेळात टोपली भरली, तिला दोनदा हाका मारल्या, "चल, पाणी चढंल," म्हटलं. घरी येऊन तिसऱ्या धुतल्या, कालवण केलं. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. विचारलं कोणीच काही नाही.

पुढच्या वेळी ती मला न सांगता गेली. फाटक वाजलेलं मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना मी म्हटलं, "मला नाय बोलावलंस?"

"ताई, राग नका मानू. तुमी आलात की बाजाराला आल्यासारखं वाटतं."

"मग काय हात हलवत यायचं?"

"तसं नाय." तिने चादर झटकली. "तुमाला सोताहून काय बघावंसं वाटतं?"

"घर कोण बघतो मग?"

"घर बघायलाच लागतं. बघावंसं काय वाटतं, ते सांगा."

मी बादलीतली पुढची चादर पिळायला घेतली. पन्नाशी ओलांडलेली बाई, अख्खी वाडी चालवते, आणि एवढ्या साध्या प्रश्नाला तोंडात मिठाची गुळणी. मला उत्तर हवं होतं आणि ते तिच्यापेक्षा चांगलं हवं होतं. खरं सांगायचं तर दुसरी गोष्ट जास्त हवी होती.

बोईसरला योगाच्या वर्गाला जाऊन पाहिलं. सगळ्या बायका डोळे मिटून शांत पडायच्या आणि मी पडल्या पडल्या डाळ भिजत घातली होती का ते आठवायचे. पालघरला एका ओळखीच्या बाईकडे भरतकाम शिकायला गेले. दोन उशांचे अभ्रे झाल्यावर तिसरा कशाला करायचा ते कळेना, कारण घरात उशा दोनच जास्तीच्या होत्या.

मग उन्हाळ्यात एकदा शेजारच्या आळीत हळदीकुंकवाला गेले. चहा दिला. पहिला घोट घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "विहीर बदललीत काय?"

यजमानीण बघतच राहिली. त्यांचा पंप जळला होता आणि पाणी चुलत दिराच्या विहिरीवरून आणत होते. "तुमाला कोनी सांगितलं?"

कोणी सांगायला नको होतं. माझं माहेर बेटेगावचं, तिथलं पाणी गोडं. लग्न होऊन चिंचणीत आले तेव्हा पहिला घोट मला मचूळ लागला होता. सगळे म्हणाले, मनाचे खेळ, होईल सवय. मी गप्प बसले, पण सवय झाली नाही. इतकी वर्षं मी प्रत्येक घरचं पाणी जिभेवर तोलत होते आणि याला काही म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी घरी येताना एकच विचार. ती चुलत दिराची विहीर आमच्या विहिरीपेक्षा समुद्राला जवळ. मग तिचं पाणी गोड आणि आमचं मचूळ का? याचा मला काही उपयोग नव्हता. तरी कळायला हवं होतं. घरी पोचले तेव्हा डाळ भिजत घालायची राहून गेली होती, आणि ते मला रात्रीपर्यंत आठवलंही नाही.

तेव्हापासून दुपारी निघते. विहिरी बहुतेक घरांच्या मागे असतात, म्हणून गावही मागूनच बघते. पुढून रंग दिलेली घरं मागून काय काय लपवतात ते आता मला माहीत आहे. बायका टोमणे मारतात, "घरात पानी नाय काय गो तुज्या?" मी पिते, विचारते, पंप किती वेळ चालतो, विहीर कोणी खणली, उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं. माझा अंदाज असा, की जिथे उपसा फार तिथे खारं पाणी आत ओढलं जातं. अंदाज चुकवणाऱ्या दोन विहिरी सापडल्या आहेत. त्या मला सगळ्यात जास्त आवडतात.

जावेला मी होऊन काही सांगितलं नाही. तिनेच एक दिवस विचारलं, "मी येऊ काय?" वाटलं, हिची जीभही माझ्याहून तिखट निघाली तर? नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण कारण काय सांगणार? म्हटलं, "चल."

आधी अंदाज चुकवणाऱ्यांतली एक विहीर दाखवली, मग तिच्या शेजारची. ती दोन्हीकडे ओंजळभर प्यायली.

"ताई, सारकंच लागतंय."

"नीट पी."

पुन्हा प्यायली. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिली. "खरंच सारकंच हाय. तुमाला काय येगळं लागतं?"

मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं, की मी तिला तशीच ओढत आणखी चार विहिरींवर नेलं आणि प्रत्येक ठिकाणी पोटभर पाजलं.