एकोणिसावा मुद्दा

तुमच्या दारासमोरच्या रस्त्यावर पडलेलं पाणी कुठे जातं, सांगता येईल? जाळीत जातं, हे मलाही दिसतं. जाळीच्या पुढे कुठे जातं?

हा प्रश्न मी हल्ली कुणालाही विचारतो. शारजात अल मजाजला आम्ही तिघं एक फ्लॅट घेऊन राहतो. कुणी जेवायला बोलावलं की माझे दोन्ही रूममेट मला आधी बजावतात, "आज गटाराचा विषय नको." मी हो म्हणतो आणि आमटी वाढून होईपर्यंत विषय काढतोच. एवढं असूनही आजवर एकानेही नीट उत्तर दिलेलं नाही. सगळे शिकलेले, नोकरदार, घराच्या फरशीचा रंग महिनाभर निवडणारे लोक.

माझे वडील कामगार संघटनेचं काम करायचे. घरात कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्यांच्यावर. पत्रक कसं लिहायचं हे मला शाळेतल्या निबंधाआधी आलं. आधी अन्याय सांगायचा, मग त्याचं मूळ, मग मागण्या, क्रमांक घालून. मागण्या जितक्या जास्त तितकं पत्रक जोरदार, असा माझा समज होता. पुढे इंजिनिअर होऊन इथे आलो तरी तो समज माझ्याबरोबरच आला.

ते २००८ साल. उम्म अल कुवैनच्या बाहेर वाळूत एक नवी वसाहत उठत होती. पहिल्या टप्प्यातल्या व्हिला जवळजवळ उभ्या होत्या, गल्ल्यांचे रस्ते आणि खालचे पाइप चालू होते. दुसरा टप्पा म्हणजे पलीकडची मोकळी वाळू, चार कोपऱ्यांत चार झेंडे. सगळे त्याला फेज टू म्हणत. मी सल्लागार कंपनीचा इन्स्पेक्टर होतो. कंत्राटदाराने काम करायचं, मी तपासायचं, बरोबर असेल तर सही करायची. नियमांचं जाडजूड पुस्तक होतं आणि ते मला जवळजवळ पाठ होतं. रस्ता मधे उंच, दोन्ही कडांना उतरता, शंभराला दोन. कडेला ठरावीक अंतरावर जाळी. जाळीखालून पाइप, पाइपाला उतार, प्रत्येक वळणावर मॅनहोल. उतार बोटभर चुकला तरी मी पाइप उखडायला लावायचो. सिमेंटवाले मला शिव्या द्यायचे. ते मला आवडायचं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

पाइप टाकणाऱ्या टोळीचे मेस्त्री संगमेश्वरकडचे होते. मशीनने लेव्हल बरोबर दाखवली तरी त्यांचं समाधान होत नसे. थर्मासमधला उरलेला चहा पाइपाच्या वरच्या तोंडात ओतायचे, मग खालच्या तोंडाशी उकिडवे बसून वाट बघायचे. चहाची तांबडी रेघ खाली आली की मान हलवायचे आणि मगच पाइप झाकू द्यायचे.

"मेस्त्री, मशीन कशाला आहे मग?" मी एकदा विचारलं.

"मशीन तुमच्यासाठी, साहेब. पाणी काय मशीन वाचून वाहात नाय."

"आणि इथे पाऊस पडतो किती? वर्षातून तीन दिवस."

"तीनच. पण त्या तीन दिवसांत तो तुमची परमिशन घेणार हाय काय?"

त्यांची टोळी हसली. मीही हसलो.

सगळ्यात खालच्या गल्लीत, सगळ्यात शेवटच्या घरात, एक कुटुंब काम पुरं होण्याआधीच राहायला आलं होतं. नवराबायको मूळचे डोंबिवलीचे, दोघं नोकरीला, सात-आठ वर्षांची मुलगी. डोंबिवलीचा फ्लॅट विकून हे घर घेतलेलं, त्यामुळे परत जायला जागा नव्हती. नवऱ्याचे वडील बरोबर होते. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली होती. जिना चढणं शक्य नाही म्हणून त्यांना तळमजल्यावरची पुढची खोली दिली होती. फ्लॅट सोडून व्हिला घ्यायचं खरं कारण तेच, असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं. बाबांना दारातून थेट बाहेर बसता यावं.

आणि ते बसायचे. सकाळी आठपासून दुपारपर्यंत चाकाच्या खुर्चीत, अंगणाच्या कडेला, आमचं काम बघत. नात शाळेतून आली की त्यांना टोमणा मारायची, "आजोबा, यू आर वॉचिंग रोड लाइक टीव्ही." ते म्हणायचे, "तुझ्या टीव्हीपेक्षा बरा चाललाय."

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "इंजिनिअर, आमचं घर सगळ्यात सखल. बरोबर?"

"हो काका."

"म्हणजे सगळ्या गल्लीचं पाणी इथे येणार. इथून पुढे?"

"पुढे फेज टूमधून पाइप जाणार, थेट बाहेरच्या नाल्यापर्यंत."

"जाणार की गेलाय?"

"जाणार."

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

त्या हिवाळ्यात एका गुरुवारी फेज टूचं काम थांबलं. कुणी जाहीर केलं नाही. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपवून रविवारी आलो तर पलीकडे यंत्रं नव्हती, फक्त खणलेला चर आणि झेंडे. दुबईत तर इमारतीच्या इमारती अर्ध्या राहिल्याच्या बातम्या होत्या, आमच्याकडे राहिला एक चर. मग ऑफिसातली माणसं कमी होऊ लागली. नकाशे करणारा गेला, सर्व्हेअर गेला. आम्ही अकरा होतो ते चार झालो. चहा करणारा गेल्यावर आमचे मोठे साहेब स्वतःचा कप स्वतः धुऊ लागले.

वाळू उडून शेवटच्या पाइपात शिरत होती. मेस्त्रींनी विचारलं, "फेज टू सुरू होईस्तोवर शेवटच्या मॅनहोलात भिंत घालू काय? विटांची. नायतर पाइप भरेल." मी हो म्हटलं. त्यांनी अर्ध्या दिवसात भिंत बांधली, आतून प्लास्टर केलं, झाकण लावलं. हात पुसत वर आले आणि म्हणाले, "साहेब, हे लिवून ठेवा. नकाशात नाय ही भिंत. आपण दोघं गेलो तर कुणाला कळायचं नाय."

"लिहितो," मी म्हटलं.

चार दिवसांनी त्यांची टोळी परत पाठवली. सतरा माणसं. निरोप मिळाला संध्याकाळी, विमान दुसऱ्या दिवशी दुपारी. मेस्त्री बसमध्ये चढताना मला म्हणाले, "तो राहिलेला पाइप सांभाळा वो." माझं रक्त खवळलं होतं. त्या आठवड्यात मी साहेबांना पत्र लिहिलं. चार पानं. माणसांना असं हाकलणं हा कसा अन्याय आहे, मंदी कुणी आणली आणि भोगतंय कोण, हे सगळं त्यात होतं. मग मागण्या. नोटीस हवी, कॅम्पात थंड पाणी हवं, उन्हाच्या वेळी विश्रांती हवी, सुरक्षेचे बूट हवेत. एकवीस मुद्दे झाले. प्रत्येक मुद्दा खरा होता, आजही मी त्यातला एकही खोडणार नाही. एकोणिसाव्या मुद्द्यात लिहिलं होतं, की शेवटच्या मॅनहोलमध्ये तात्पुरती भिंत आहे.

वीस आणि एकवीस पुन्हा कॅम्पाबद्दल होते.

साहेब पुण्याचे. वाईट माणूस नव्हता, फक्त थकलेला. म्हणाले, "वाचलं तुझं पत्रक, क्रांतिकारक. पहिलं पान फार छान आहे."

महिन्याभरात फेज वन ताब्यात द्यायचं ठरलं. रस्त्याची शेवटची परीक्षा टँकरने होते. गल्लीच्या वरच्या टोकाला टँकरभर पाणी सोडायचं, ते कडेने वाहत जाळीत गेलं पाहिजे, कुठे डबकं राहता कामा नये. डेव्हलपरचा माणूस आला, साहेब आले, मी होतो. पाणी सुटलं. देखणं वाहिलं, खरंच. मधला उंचवटा, कडेचा उतार, सगळं पुस्तकाबरहुकूम. दहा मिनिटांत रस्ता कोरडा.

"खलास! मबरूक!" डेव्हलपरचा माणूस अभिनंदन करत म्हणाला.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "सर, खाली ती भिंत आहे. पाणी गेलं नाहीये, पाइपात जाऊन बसलंय. एक टँकर पाइपात मावतो. पावसाचं पाणी मावणार नाही."

"तुझ्या पत्रात आहे ना ते?"

"आहे. एकोणिसावा मुद्दा."

"मग झालं तर. रेकॉर्डवर आहे. फेज टू सुरू झालं की काढतील, इन्शाल्ला. आपल्या हद्दीत सगळं नियमाप्रमाणे आहे की नाही?"

होतं. पुस्तकात हद्दीपर्यंतचेच नियम होते. समोर अंगणात काका खुर्चीत बसून कोरड्या रस्त्याकडे बघत होते. त्यांनी मला हात केला. मी हात केला आणि सही केली.

पहिला हिवाळा कोरडा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात पाऊस आला, सकाळी सहाला सुरू झाला आणि दुपारपर्यंत थांबला नाही. साडेदहाला काकांच्या सुनेचा फोन आला. काम चालू असल्यापासून माझा नंबर त्यांच्याकडे होता. "अहो, जाळीतून पाणी वर येतंय. आत जायचं सोडून वर येतंय."

मी पोचलो तेव्हा गल्लीच्या वरच्या अर्ध्या भागात रस्ता स्वच्छ धुतलेला होता. खालच्या अर्ध्यात गुडघाभर पाणी. रस्ता इतका चोख उतरता होता की थेंबही वाटेत थांबला नव्हता. काकांच्या खोलीत गाद्या भिजून जड झाल्या होत्या, औषधांचा डबा कॉटखाली तरंगत होता. तीन शेजारी आणि मी, आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावर चढवलं. दोघं वरून, दोघं खालून. मी खालच्यांपैकी एक होतो. वळणावर खुर्ची कलली तेव्हा त्यांनी चांगल्या हाताने माझा खांदा धरला.

"फेज टूमधून जाणार म्हणाला होतास," ते म्हणाले. रागाने नाही, सहज चौकशी करावी तसं.

नात मागून म्हणाली, "आजोबा, डोंट टॉक, ही'ल ड्रॉप यू."

टँकरांनी तीन दिवस पाणी उपसलं. मी ऑफिसात सांगितलं, भिंत काढा. आता तिथे नवीन माणूस होता, साहेबही पुण्याला परतले होते. त्याने नकाशा उघडला. "यहाँ तो कोई दीवार नहीं है।" मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, ड्रॉइंगमध्ये नाही, मग तोडायचा आदेश कसला काढू? मी माझं जुनं पत्र शोधून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं, आणि विचारलं, "ये लेबर कैंप का मैटर है क्या?"

त्या दुपारी मी संगमेश्वरला फोन लावला. मेस्त्री शेतावर होते, बोलायला दहा मिनिटांनी आले.

"भिंत काढली नाय अजून?"

"नाही. घरात पाणी शिरलं."

"कुणाच्या? त्या खुर्चीवाल्या बाबांच्या?"

"हो."

मग म्हणाले, "लिवलं नव्हतंत?"

"लिहिलं होतं. एकवीस गोष्टींत."

"एकवीस कशाला वो? मी तुम्हाला एकच सांगितली होती." मग लगेच कामाचं बोलू लागले. "आधी सगळं पाणी उपसून घ्या, पाइप कोरडा झाल्याबिगर कुणाला आत उतरवू नका. माणूस जाईल."

फोन ठेवला आणि कागद घेतला. लिहिलं: शेवटच्या मॅनहोलमध्ये विटांची तात्पुरती भिंत आहे. मी ती मंजूर केली, ती नकाशावर नाही, आणि ती असल्याचं माहीत असताना मी ताबापत्रावर सही केली. खाली नाव, तारीख. बस.

नवव्या दिवशी भिंत तोडली. माझा करार संपत आला होता, तो त्यांनी पुढे वाढवला नाही. मी तक्रार केली नाही. पलीकडचा चर अजून उघडा आहे, पाणी फेज टूच्या मोकळ्या वाळूत जाऊन मुरतं. नियमात बसणारं नाही, पण घरात शिरत नाही.

काका मात्र परत खाली आले नाहीत. ती खोली ओलीच राहिली, भिंतींना मिठाचं पांढरं फूल आलं, आणि त्यांना पुन्हा उचलून खाली आणायची हिंमत मुलाला झाली नाही. वरची त्यांची खोली मागच्या बाजूला आहे. तिथून रस्ता दिसत नाही. मोकळी वाळू दिसते, चर दिसतो आणि झेंड्यांचे खांब. मागच्या हिवाळ्यात पाऊस झाला तेव्हा त्यांनी स्वतः मला फोन केला.

"इंजिनिअर, आलं पाणी. पलीकडे निघतंय. गढूळ आहे, पण निघतंय."

"खाली कसं आहे काका?"

"खाली कोरडं आहे म्हणतात. मी कुठे बघतोय."

म्हणून तुमच्याकडे एकच मागणी आहे. तुमच्या गल्लीच्या सगळ्यात सखल टोकाला जा. ज्याने रस्ता बांधला किंवा ताब्यात घेतला त्याला गाठा आणि पाइपाचं शेवटचं तोंड प्रत्यक्ष दाखवायला सांगा, कागदावर नको. दाखवता आलं नाही तर तेवढंच एका ओळीत लिहा, खाली सही करा आणि पावती घ्या. त्या कागदावर दुसरं काही लिहू नका.